दोनशे तासांची किंमत

बारावी सायन्सचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या घरांत ठरलेली चर्चा सुरू होते. मेडिकल की इंजिनिअरिंग, पुणे की संभाजीनगर? गेल्या काही वर्षांत या चर्चेत पायलटचंही नाव निघू लागलं आहे. त्यात नवल नाही. चिकलठाण्याचं विमानतळ जालना रोडला खेटून आहे आणि मुंबई, दिल्ली, हैदराबादची विमानं इथल्या मुलांच्या रोज डोळ्यांसमोर चढतात-उतरतात. २०२३ साली एअर इंडियानं ४७० विमानांची आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा देशाला हजारो पायलट लागणार ही बातमी घरोघरी पोचली. त्याच वर्षी एअर इंडियानं वैमानिकांचे नवे पगार ठरवले. वरिष्ठ कमांडरला दरमहा साडेआठ लाख रुपये हा त्यातला आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

त्याच पगारपत्रकात तळाशी आणखी एक आकडा होता. शिकाऊ पायलटला दरमहा ५० हजार रुपये. घरच्यांनी आधी वाचायला हवा तो हा आकडा. साडेआठ लाखांपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागतात, बँकेचा हप्ता मात्र तोवर थांबत नाही. शाळेला दिलेला पहिला धनादेश आणि हाती आलेला पहिला पूर्ण पगार यांच्यामधल्या काळाचं ओझं कोण उचलतं, हा या व्यवसायातला खरा प्रश्न आहे. आज ते सगळं ओझं एकटं कुटुंब उचलतं. विमान कंपनी नाही, सरकार नाही आणि घर तारण असल्यामुळे बँकही नाही. हे बदलायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

एका तासाचा भाव

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सगळे ज्याला सीपीएल म्हणतात तो परवाना, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्यालाच डीजीसीए म्हणतात. वय १८ पूर्ण हवं. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, ही आजवरची अट. आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषय यांचे पेपर असतात आणि प्रत्येकात किमान ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. या सगळ्यासोबत २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन करायचे, ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री करायची, रात्रीची उड्डाणं करायची.

विद्यार्थ्याचं लॉगबुक उघडून पाहिलं की हे २०० तास कसे जमतात ते कळतं. आडव्या पानावर उभे रकाने असतात. तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीनं सुरू होणारा त्याचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, शिक्षकासोबत किती वेळ, एकट्यानं किती वेळ. सुरुवातीची पानं सर्किटनीच भरलेली असतात. उडायचं, धावपट्टीला वळसा घालायचा, उतरायचं आणि पुन्हा उडायचं. एका सर्किटला पाच-सहा मिनिटं. ४० मिनिटं, ५० मिनिटं, एक तास अशा नोंदी होत जातात. मग एके दिवशी शिक्षक खाली उतरतो आणि पहिला सोलो होतो. त्या ओळीपाशी पालकही थांबतात, फोटो काढतात.

आता या ओळींशेजारी पैशाचा रकाना मांडू. भारतात सीपीएलपर्यंतचा खर्च आज साधारण ४५ ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो. ५५ लाख धरले, तर उड्डाणाचा एक तास पडतो साडेसत्तावीस हजारांना आणि सहा मिनिटांचं एक सर्किट पावणेतीन हजारांना. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. म्हणजे एका तासाच्या उड्डाणासाठी साडेतीन क्विंटलहून अधिक कापूस विकावा लागतो. कोरडवाहू रानात तेवढा कापूस पिकवायला काय लागतं, हे कन्नड-सिल्लोडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

हा खर्च नुसत्या नफेखोरीतून आलेला नाही, हेही नीट सांगायला हवं. शिकाऊ विमानं बहुतेक परदेशी बनावटीची, सुटे भाग परदेशी आणि विमा महाग. सेस्नासारख्या छोट्या विमानांत जळणारं ॲव्हगॅस हे इंधन भारत अनेक वर्षं पूर्णपणे आयात करत होता. इंडियन ऑइलनं ते देशात बनवून बाजारात आणलं २०२२ च्या सप्टेंबरात. शिवाय शिक्षक टिकत नाहीत. तास भरले की तेही विमान कंपनीत जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सरकारनं काही दिलासा दिला आहे. डीजीसीएनं मान्य केलेल्या उड्डाण अभ्यासक्रमांना जीएसटी लागू नाही, हे २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलनं स्पष्ट केलं. तरीही मूळ आकडा सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच राहतो.

संभाजीनगरच्या मुलाला जवळच्या शाळा म्हणजे धुळे, शिरपूर, जळगाव. थोड्या लांब बारामती आणि नागपूर. आणखी लांब गोंदियाचं बिरसी. मुंबईत जुहूला १९२८ साली सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लबही उड्डाणाचं प्रशिक्षण आता धुळ्याला देतो. म्हणजे फीखेरीज राहण्या-जेवण्याचा खर्च आलाच. पावसाळ्यात ढग खाली असले की उड्डाण नाही, विमान दुरुस्तीला गेलं की उड्डाण नाही, शिक्षक सोडून गेला की पुन्हा रांग. दीड वर्षाचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम दोन-अडीच वर्षांवर जातो, तेव्हा खोलीचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालूच राहतं. या विलंबाला कंटाळून अनेक जण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड गाठतात. तिथं तास लवकर भरतात, पण परत आल्यावर परवाना भारतीय करून घेण्यासाठी परीक्षा आणि चाचण्या द्याव्याच लागतात.

परवाना हातात, नोकरी नाही

सीपीएल झालं म्हणजे पायलट झाला, अशी घरच्यांची समजूत असते. विमान कंपनीच्या लेखी मात्र तो अजून एअरबस ३२० चालवू शकत नाही. त्यासाठी टाइप रेटिंग लागतं, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण. हा खर्च साधारण १५ ते २० लाखांचा आणि बहुतेक वेळा तोही उमेदवाराचाच. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत सीपीएल आणि टाइप रेटिंग एकत्र असतं, नोकरीची वाटही जास्त स्पष्ट असते. पण त्यांचा आकडा एक कोटीच्या पुढे जातो. टाइप रेटिंगनंतर लाइन ट्रेनिंग येतं, म्हणजे खऱ्या प्रवाशांसह, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून उड्डाण. त्यातून रिलीज झाल्यावर फर्स्ट ऑफिसरचा पूर्ण पगार सुरू होतो. तोवर विद्यावेतन.

आता हप्ता पाहू. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपेक्षा जास्त असलं की बँका तारण मागतात. पायलटच्या कर्जात तारण म्हणजे घर, एनए प्लॉट किंवा ठेव. शेतजमीन घ्यायला बँका सहसा नाखूश असतात, म्हणून गावाकडच्या कुटुंबाची पहिली अडचण इथंच होते. समजा ६० लाखांचं कर्ज मिळालं, व्याज ११ टक्के. हप्ता सुरू होईपर्यंत १० लाख व्याज चढलं. आता फेडायचे ७० लाख. १५ वर्षांची मुदत घेतली, तर महिन्याचा हप्ता साडेएकोणऐंशी हजारांच्या आसपास बसतो. सगळे हप्ते मिळून होतात सुमारे १ कोटी ४३ लाख. मुदत १० वर्षांची घेतली, तर हप्ता ९६ हजारांच्या पुढे जातो.

समोर ५० हजारांचं विद्यावेतन ठेवलं, तर दरमहा जवळपास ३० हजार कमी पडतात, आणि यात दिल्ली-मुंबईत राहण्याचा खर्च धरलेला नाही. हा खड्डा वडील भरतात. एखादे वडील वाळूजच्या कारखान्यात पर्यवेक्षक असतील, एखादे जिल्हा परिषदेत शिक्षक. त्यांच्या निवृत्तीचा पैसा यात जातो.

फर्स्ट ऑफिसर झाल्यावर चित्र बरंच सुधारतं, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२२ मध्ये आकासा एअरनं फर्स्ट ऑफिसरचा सुरुवातीचा पगार १ लाख ११ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. एवढ्या पगारातून कर आणि भविष्य निर्वाह निधी वजा जाऊन हातात दीड लाखाच्या आसपास येतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यात जातात. पंचविशीतल्या मुलासाठी उरलेली रक्कमही कमी नाही. पुढे १,५०० तास भरले की एटीपीएल हा वरचा परवाना, मग आणखी काही वर्षांनी कमांड आणि कॅप्टनचा पगार. म्हणजे सगळं वेळच्या वेळी घडलं, तर हिशेब जुळतो. पण परवाना मिळाल्यावर नोकरीला एक वर्ष उशीर झाला, तर ७० लाखांवर पावणेआठ लाख व्याज नव्यानं चढतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची मान्यता, दरवर्षी चालू ठेवावं लागतं, त्याचा खर्च निराळा. घरी बसलेल्या पायलटचा परवाना असा खर्च करूनच जिवंत ठेवावा लागतो.

तेजी-मंदीचा फेरा

आणि उशीर होतो. हा व्यवसाय तेजी-मंदीच्या फेऱ्यावर चालतो. २००५ च्या पुढे नव्या कंपन्या आल्या, मुलं झुंडीनं शिकायला गेली. ती शिकून बाहेर पडेपर्यंत २००८ ची मंदी आली आणि हजारो सीपीएलधारक नोकरीविना राहिले. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजनं शेवटचं उड्डाण केलं आणि अनुभवी पायलट एका रात्रीत बाजारात आले; ताजा परवाना घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलाची पाळी आणखी मागे गेली. कोविडमध्ये पगार कापले गेले, बिनपगारी रजा आल्या. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली.

डीजीसीएनं दिलेल्या परवान्यांचे आकडे पाहिले की हा फेरा स्पष्ट दिसतो. २०२० मध्ये ५७८ सीपीएल दिली गेली, २०२३ मध्ये १,६२२. तीन वर्षांत जवळपास तिप्पट. तेजी पाहून शिकायला गेलेला मुलगा तीन वर्षांनी नेमक्या कुठल्या बाजारात बाहेर पडेल, हे शाळेत फी भरताना कुणालाच सांगता येत नाही. विमानांच्या मागणीचे मोठे आकडे खरे असतात. पण ती विमानं दहा-बारा वर्षांत येतात, आणि नव्या सीपीएलधारकापेक्षा कंपनीला आधी अनुभवी कॅप्टन हवे असतात. तुटवडा कॅप्टनांचा आणि रांग नवख्यांची, अशी स्थिती एकाच वेळी असू शकते.

इतका पैसा अडकला की माणसं चुकीच्या वाटेलाही जातात. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं उघड झाली आणि पायलटांना अटक झाली. काही शाळांत न केलेले तास कागदावर भरल्याचंही पुढे आलं. ज्या परवान्यावर शंभर-दीडशे प्रवाशांचे जीव अवलंबून असतात, तो मिळवण्याच्या वाटेवर कर्जाचा एवढा दाब असणं ही केवळ त्या कुटुंबाची खासगी बाब उरत नाही.

अमेरिकेनं हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचं छोटं विमान बफेलोजवळ कोसळलं आणि ५० जण गेले. चौकशीत पुढे आलं की त्या विमानाच्या फर्स्ट ऑफिसरला वर्षाला जेमतेम १६ हजार डॉलर मिळत होते आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकावरून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. पुढे तिथं फर्स्ट ऑफिसरसाठी १,५०० तासांची अट आली. त्यानं प्रशिक्षणाची वाट आणखी लांब आणि महाग झाली. २०२२ मध्ये पायलट मिळेनासे झाले, तेव्हा तिथल्या छोट्या प्रादेशिक कंपन्यांनी सुरुवातीचे पगार झपाट्यानं वाढवले. जो पगार परवडत नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, तो गरज पडताच परवडला.

याच शहरातली दुसरी वाट

शिकवण्याचा खर्च शिकणाऱ्यानंच करायचा, हा काही निसर्गाचा नियम नाही. त्याचं उदाहरण संभाजीनगरातच आहे. १९७७ पासून इथं राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे. एसपीआय म्हणून ती सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना ती एनडीएसाठी तयार करते. इथला एखादा मुलगा एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत गेला, तर त्याचं उड्डाण प्रशिक्षण पूर्ण सरकारी खर्चानं होतं. शिवाय हवाई दलाच्या अकादमीतल्या प्रशिक्षणाच्या काळात त्याला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं.

दोघं एकाच गल्लीतले असू शकतात. एक जण शिकता शिकता ५६ हजार घरी पाठवू शकतो, दुसरा साठ-सत्तर लाख भरून झाल्यावर ५० हजारांच्या विद्यावेतनावर सुरुवात करतो. देशरक्षणाच्या सेवेची बांधिलकी, तिची जोखीम आणि तिथली कडक निवड निराळी आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापानं मोजता येणार नाहीत. पण ज्याला पायलट हवा आहे तो शिकवण्याचा खर्च उचलू शकतो आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षांची सेवा मागू शकतो, एवढं यातून सिद्ध होतं. सरकारी इंडियन एअरलाइन्सही निवडलेल्या पायलटांना आपल्या विमानांचं प्रशिक्षण हैदराबादच्या स्वतःच्या केंद्रात देत असे.  ब्रिटिश एअरवेजसारख्या खासगी कंपनीनंही २०२३ मध्ये निवडक कॅडेटांचा सगळा प्रशिक्षण खर्च स्वतः करणारी योजना सुरू केली.

आपल्याकडे नियम कंपन्यांच्या सोयीचे कसे झाले, तेही पाहण्यासारखं आहे. पायलट अचानक सोडून गेले तर प्रवाशांची गैरसोय होते, म्हणून २०१७ मध्ये डीजीसीएनं कमांडरसाठी एक वर्षाचा आणि फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिन्यांचा नोटीस काळ ठरवला. त्यावर कंपन्यांचे बॉण्ड असतातच. पायलट ही सार्वजनिक गरज आहे, असं नोकरी सोडताना मानायचं आणि प्रशिक्षणाचा खर्च मात्र खासगी मामला समजायचा, हा दुटप्पीपणा झाला. सहा महिने बांधून ठेवण्याचा हक्क हवा असेल, तर टाइप रेटिंगचा खर्च कंपनीनं करावा आणि लाइन ट्रेनिंगच्या काळात किमान हप्ता भरता येईल इतकं वेतन द्यावं. कंपनीवर हा काही भार नाही. तिच्या स्वतःच्या माणसाच्या तयारीचा तो खर्च आहे.

सरकारनं काय करावं

केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीत सीपीएलचा समावेश आहे. राज्यात महाज्योती या सरकारी संस्थेनं इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत पायलट प्रशिक्षणाची योजना आणली. दिशा योग्य आहे, पण जागा मोजक्या आहेत. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मीसारखं नाव ऐकून पालक आशेनं बँकेत जातात. ती विनातारण कर्जाची योजना निवडक उच्च शिक्षण संस्थांपुरती आहे, फ्लाइंग स्कूलचा विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतो. मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमासाठी सरकारी हमी असलेलं कर्ज आणि नोकरी मिळेपर्यंत हप्त्याला सूट, एवढं केलं तरी गेवराई-भोकरदनच्या हुशार मुलीला हा दरवाजा उघडेल.

दुसरं काम माहितीचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएनं फ्लाइंग स्कूलची पहिली श्रेणीयादी काढली. तिच्यात एकही शाळा अ श्रेणीत बसली नाही. या यादीत पालकांच्या उपयोगाचे आणखी तीन आकडे सक्तीनं यायला हवेत. २०० तास पूर्ण व्हायला सरासरी किती महिने लागले, आलेल्यांपैकी किती जणांना परवाना मिळाला आणि वर्षभरात किती जणांना नोकरी लागली.

तोवर घरच्यांनी स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. रुपयाही भरण्याआधी क्लास वन मेडिकल करून घ्यावं. रंगांधळेपणासारखा दोष तिथं आधीच कळतो. लेखी पेपर शक्य तितके उड्डाण सुरू होण्यापूर्वी काढावेत. शाळेत जाऊन विमानं किती आहेत हे विचारू नये, आज त्यातली उडणारी किती हे विचारावं, आणि उत्तर तिथं शिकणाऱ्या मुलांकडून घ्यावं. सगळी फी एकरकमी भरू नये, तासांच्या टप्प्यांनी भरावी. टाइप रेटिंगचा पैसा आणि नोकरीविना दोन वर्षांचे हप्ते पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत. एवढं धरून घर उभं राहत असेल, तर मुलाला किंवा मुलीला निर्धास्त पाठवावं. हे काम देखणं आहे आणि कष्टानं शिकणाऱ्याला पुढे त्याचं मोलही मिळतं. राहत नसेल, तर नको म्हणण्यात कमीपणा नाही.

अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. ३४ विमानं, वर्षाला १८० पायलट, अशी घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली. जागा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीनं ३० वर्षांसाठी दिली आहे. जमीन जनतेची आहे, म्हणून जनतेला अटी घालण्याचा हक्क आहे. त्या १८० जागांतल्या ठरावीक जागा राज्यातल्या गुणवंत पण तारण देऊ न शकणाऱ्या मुलांसाठी असाव्यात, त्यांचा खर्च कंपनीनं करावा आणि तो पाच-सात वर्षांच्या सेवेतून वळता करून घ्यावा. कंपनीला पायलट मिळेल, मुलाला काम मिळेल आणि वडिलांचं घर बँकेकडे जाणार नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांनी ही अट आत्ताच मागावी. संस्था सुरू होऊन फीचे आकडे छापून झाले, की मागायला फार उशीर झालेला असेल.